सूचक रतनबाई

वस्तीवरून,
१२ जानेवारी २०२५

रामहरी भाऊजी,

अक्षरावरून वहिनीचं पत्र आहे हे कळलंच असेल. तुम्हीच चिडवायचात, वहिनी, तुमचं अक्षर ठराव वहीतलं आहे, त्यात 'खुशाल' लिहिलं तरी सर्वानुमते मंजूर झाल्यासारखं वाटतं. तर आम्ही सर्वानुमते खुशाल आहोत. तुमच्या भावाचं मत घेतलेलं नाही, कारण तुमचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जातात.

मेल करणार नाही. तुमचा मेल आता कंपनीचा आहे आणि तो कोण कोण वाचतं हे तुम्हालाही माहीत नसेल. फोन तुम्ही उचलत नाही. म्हणून नेवाशाहून पाकिटं आणली. पोस्टातल्या माणसानं विचारलं, स्पीड पोस्ट की साधं? म्हटलं साधंच. दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही ताटावरून उठून गेलात त्याला चौदा महिने झाले, आणखी चार दिवसांनी काय बिघडतंय.

काम असं आहे. गेल्या सोमवारी रतनबाई पाकीट घेऊन आली. तिला वाटलं घरकुलाचं आलं. पोरगा आणि सून ऊसतोडीला गेलेत, तेव्हा वाचायचं काही आलं की ते माझ्याकडे येतं. मी वाचलं. घरकुलाचं नव्हतं, तुमच्या कंपनीच्या वकिलाचं होतं. इंग्रजीत दोन पानं आणि सहीसाठी तीन जागा. त्याचा अर्थ मी तिला मराठीत सांगितला. तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही तो मराठीत कधी ऐकला नसेल.

पाणपाळी नावाचा एक प्रोग्रॅम आहे. कालव्याच्या चारीवर पाण्याची कुणाची पाळी कोणत्या दिवशी, किती वाजता, हे तो मोबाईलवर सांगतो. रामहरीनं तो राहुरीला शिकताना सुरू केला. पुढे एक्केचाळीस जणांचा त्याला हात लागला. विद्यापीठातली मुलं, पाथर्डीचे एक मास्तर, केरळातला कुणी एक जण, रामहरीची वहिनी. अट एकच होती. कुणीही घ्या, वापरा, बदला, आणि बदललंत तर तेही सगळ्यांना तसंच खुलं द्या. मग रामहरीनं छोटी कंपनी काढली. ती मोठ्या कंपनीनं विकत घेतली, तिच्याबरोबर नाव गेलं, मेसेज यायचा तो नंबर गेला, रामहरीही गेला. आता मोठ्या कंपनीला ती अट काढायची आहे. ती काढायला ज्यांचा ज्यांचा हात लागला त्या प्रत्येकाची संमती लागते. चाळीस जणांची आली. एक राहिली. ती रतनबाईची.

"माजी? म्या काय केलं?" रतनबाई म्हणाली.

तिनं काय केलं ते तुम्हाला पाठ आहे. चारीचं दार उघडल्यावर शेवटच्या शेतापर्यंत पाणी चालत जायला वेळ लागतो. उन्हाळ्यात कोरडी चारी आधी स्वतः पिते. तो वेळ कुणाच्या पाळीत धरायचा यावरून शेपटाकडे डोकी फुटायची. रतनबाईचं अडीच एकर अगदी शेवटी. तिनं सांगितलं, कुणाच्याच पाळीत धरू नका. बांधाला पाणी लागलं की तिथून घड्याळ. दार बंद केल्यावर चारीत जे पाणी उरतं ते शेवटच्याला मिळतं, तर तेवढं त्याच्या वेळातून कापा, हेही तिनंच स्वतःच्या तोट्याचं सांगितलं. तीन संध्याकाळ ती आपल्याकडे ओट्यावर बसून बोलत होती, मी टाईप करत होते आणि तुम्ही भाकरी खाता खाता विचारत होतात, आणि चारी मधेच फुटली तर? त्याचंही उत्तर तिच्याकडे होतं. तो भाग चढवताना मी लिहिणाऱ्याच्या जागी तिचं नाव घातलं.

तुम्ही आता तिथलेच आहात. तिचं नाव आहे तसं राहू द्या आणि तिच्याकडे सही मागू नका, एवढं सांगता येईल का? ती अट निघाली तर तिचा नियम कंपनीच्या मर्जीवर राहील. तो नियम नसला तर शेपटाला पाणी नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

राजेश्वरी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. चार ओळी, तीही टाईप केलेल्या. पण पोस्टानं पाठवलंत, हे बरं केलंत. तुमच्या भावानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं. गोठ्यात गेले नाहीत.

तुम्ही लिहिता, "रतनबाईंनी एक ओळही लिहिलेली नाही हे आपल्या दोघांना माहीत आहे. तेवढं खरं वकिलांना लिहून द्या, म्हणजे त्यांच्या संमतीचा प्रश्नच उरत नाही." किती सोपं करून दिलंत. खरं लिहायचं की झालं.

मग मीही खरंच लिहिते. मी पाणीवापर संस्थेची सचिव झाले त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत शेकडो ठराव मी माझ्या हातानं लिहिले. एकाखाली माझं नाव नाही. ज्यानं म्हटलं तो सूचक, ज्यानं मान हलवली तो अनुमोदक. सचिवानं लिहिलं म्हणून ठराव सचिवाचा झाला, असं आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या सोसायटीत ऐकलंय तुम्ही? प्रोग्रॅममध्ये लिहिणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. सूचक रतनबाई. अनुमोदक तुम्ही, कारण भाकरी खाता खाता तुम्हीच म्हणालात, बरोबर आहे, हेच घाला. इंग्रजीत त्या जागेला काय अर्थ आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हात सवयीनं गेला.

तुमच्या वकिलाला हे समजणार नाही, हे मला समजतं. त्यांच्याकडे जो टाईप करतो तो धनी. मग मी टाईप केलं म्हणजे धनी मी, असं होईल. ते झालं की पुढे काय होईल याचा विचार तुम्ही केला असेलच. तुम्ही विचार न करता चार ओळी लिहिणारे नाही.

रतनबाईला मी तुमचं उत्तर वाचून दाखवलं नाही. फक्त विचारलं, तुझं नाव काढलं तर चालेल का?

"नाव काडा न्हायतर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पन घड्याळ बांदापासून ऱ्हाईल का?"

"ते सांगता येत नाही."

"मंग कशाला काडायचं?"

तिनं चहा बशीत ओतून घेतला, प्याली आणि म्हणाली, "रामहरीला इचार. त्याला समदं ठावं हाय. त्यो हितंच जेवत हुता."

म्हणून विचारते आहे. वकिलांनी तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय सांगाल? कोणी टाईप केलं हे सांगाल, की कोणी सांगितलं हेही सांगाल? तिथे चौथं माणूस नव्हतं. तुमच्या भावाला धरू नका, ते कांद्याला पाणी द्यायला गेले होते.

राजेश्वरी


९ मार्च

भाऊजी,

उत्तर नाही. ठीक आहे.

एक गोष्ट मी लिहिली नाही. पहिल्या पत्रात चाळीस जणांच्या संमत्या आल्या असं लिहिलं आणि पुढे गेले. ते चाळीस कोण हे तुम्ही तुमच्याकडच्या यादीत पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर पाहा. एकोणतिसावं नाव माझं आहे.

मी सही केली. नोव्हेंबरमध्ये, नगरला, एका हॉटेलात. तुमच्या कंपनीची एक मुलगी आली होती, फार गोड बोलायची, मला ताई म्हणायची. तिनं विचारलं की नऊ वर्षं एवढ्या संस्थांचे फोन तुम्ही घेता, कुणी कधी थँक यू म्हटलं का? खरं सांगते, मला रडू आलं. कुणी म्हटलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. रात्री-अपरात्री पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांचे फोन, बाई, पाळी चुकली, बाई, मोबाईल उघडंना. पोळी तव्यावर जळायची आणि घरातले म्हणायचे, हिचा दीर गेला आणि हिला लावून गेला.

तिनं मला काम देऊ केलं. समुदाय समन्वयक. पहिल्यांदाच माझ्या नावाचं कार्ड छापलं, त्यावर अमक्याची बायको नाही, तमक्याची वहिनी नाही, नुसती राजेश्वरी. कामाच्या कागदांच्या खाली संमतीचा कागद होता. मी तो वाचला. न वाचता सही केली असं म्हणायची सोय होती, पण मी ठराव वाचल्याशिवाय कधी सही करत नाही. वाचला, समजला आणि केली. मला तो हुद्दा हवा होता, भाऊजी. फार हवा होता.

हे इथे कुणालाही माहीत नाही. तुमच्या भावाला वाटतं, पगारातून घेतलेला नवा मोबाईल शिलाईच्या पैशांचा आहे. सोळा महिने मी या घरात तुम्हाला विकाऊ म्हणत आले, तेही चारचौघांत. शेवटचे चार महिने म्हणताना माझ्या पर्समध्ये ते कार्ड होतं.

सही करताना रतनबाईचा भाग माझ्या डोक्यात आला नव्हता. तो तिचा आहे हे मी इतकं धरून चालले होते की माझ्या सहीनं तो जाईल असं मला वाटलंच नाही. आता कळलं ना, तुमचं ते 'खरं लिहून द्या' माझ्या गळ्याशी का येतं? मी खरं लिहिलं की भाग माझा. माझा झाला की मी तो आधीच देऊन बसले आहे.

कालव्याच्या पाण्याचं उन्हाळ्यातलं पहिलं आवर्तन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटेल असं म्हणतात.

राजेश्वरी


१८ एप्रिल

भाऊजी,

आवर्तन सुटलं. जे झालं ते सांगते, त्यावर माझं मत शेवटी.

मार्चअखेर कंपनीची माणसं येऊन चारीच्या दारावर यंत्र बसवून गेली. दार उघडलं की ते आपोआप कळवतं. चांगलं यंत्र आहे, मी नाव ठेवणार नाही. नव्या पाणपाळीत घड्याळ त्या यंत्रापासून सुरू होतं, म्हणजे दारापासून. रतनबाईचा भाग 'संमती प्रलंबित' म्हणून काढून ठेवला आहे. हे मला समन्वयक म्हणून मेलवर कळवलं होतं. मी 'नोंद घेतली' असं उत्तर दिलं.

आमचा नियम शेपटाकडून सुरू करायचा, म्हणून पहिली पाळी रतनबाईची. सकाळी अकरा ते दीड. आपल्या श्रीमंतनं, पाटकऱ्यानं, अकराला दार उघडलं. चारी चाळीस दिवस कोरडी होती, भेगा पडलेल्या. पाणी रतनबाईच्या बांधाला लागलं तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. दीड वाजता श्रीमंतचा मोबाईल वाजला आणि तो तिचं पाणी तोडून वरच्या शेताला लावायला निघाला. मी तिथेच होते.

"आरं आत्ता तर लागलं पानी," रतनबाई म्हणाली. "घासाचा एक वाफा न्हाई भिजला."

"मावशे, मी काय करू? मोबाईल म्हनतो, झालं."

"मोबाईल हितं येऊन बघून गेला का?"

"बाईंना इचार," श्रीमंतनं माझ्याकडे बोट केलं. "त्याच हाईत त्याच्या."

रतनबाई फावडं घेऊन चारीच्या तोंडावर बसली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसती बसली. श्रीमंत उभा राहिला. वरच्या शेताचे लोक आले, त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांची पाळी मोबाईलवर सुरू झालेली. अर्धा तास असा गेला. मग तिनं मला विचारलं, "सही दिली तर माजा नियम पुन्यांदा घालतील का? मंग देते अंगठा. घे. आत्ताच घे."

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. ती गोड मुलगी आता दुसऱ्या विभागात गेली. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की तसं आश्वासन देता येणार नाही. ज्या संस्थेला हवं तिनं वेगळी मागणी करावी, विशेष सोय म्हणून विचार होईल. मी ते रतनबाईला सांगितलं.

ती उठली, साडीचा चिखल झटकला. "मंग अंगठा बी न्हाई," म्हणाली. "मलाच बोलू दे त्यांच्याशी. तुला न्हाई जमत."

आता माझं मत. मला भीती वाटते आहे. तिचा घास जळेल याची, आणि ती बोलताना मी शेजारी बसलेली असेन याची. दोन्हीपैकी कशाची जास्त, हे मी लिहीत नाही.

वकिलांनी पंचवीस तारखेला व्हिडिओवर वेळ दिली आहे. त्यांना मराठी येत नाही. दुभाषा म्हणून कंपनीतून कुणीतरी बसणार, असं कळवलंय.

राजेश्वरी


२७ एप्रिल

भाऊजी,

स्क्रीनवर दुभाषा म्हणून तुम्हीच दिसलात. केस पिकलेत. चष्मा नवीन आहे, शोभतो.

परवा जे झालं ते तुमच्यासमोरच झालं, तेव्हा पुन्हा लिहायचं कारण नाही. तरी लिहिते. कुठल्याही सभेचं इतिवृत्त झालंच पाहिजे, ही माझी खोड.

वकीलबाईंनी विचारलं की हा भाग तुम्ही लिहिला का? तुम्ही मराठीत विचारलंत. रतनबाई तुम्हाला पाहून इतकी खूश झाली होती की आधी म्हणाली, "रामहरी, जेवलास का?" ते तुम्ही भाषांतर केलं नाहीत, बरोबरच आहे. मग म्हणाली, "मला लिव्हता येत न्हाई." तुम्ही इंग्रजीत म्हणालात, नाही.

मग कोणी लिहिला?

"हिनं," तिनं माझ्या दंडाला धरलं. "म्या सांगितलं, हिनं लिव्हलं. एकेक शब्द माजा हाय. आन् तवा तू हितंच भाकर खात हुतास. तूच सांग बाईला."

तुम्ही इंग्रजीत म्हणालात, राजेश्वरीनं लिहिला.

रतनबाई थांबली. तिला वाटलं मोठं वाक्य होतं, छोटं झालं. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी वकीलबाईंकडेच बघून, हात जोडून नव्हे, हातवारे करून. "वाटंचं पानी कुनाचं न्हाई. हे बी तसंच हाय. म्या समद्यांसाठी सांगितलं. एकट्याला कसं देऊ? नको म्हना."

वकीलबाईंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणालात, आणखी काही नाही.

मला इंग्रजी येतं, भाऊजी. तुम्हीच शिकवलंत, त्याच ओट्यावर. ती पूर्ण वाक्यं मलाही सांगता आली असती. वकीलबाईंनी मला थेट विचारलं, की टाईप तुम्ही केलं हे बरोबर आहे का? मी म्हटलं, हो. आणि थांबले. कारण पुढे बोलले असते तर सहीचा विषय निघाला असता, आणि रतनबाईचा हात अजून माझ्या दंडावर होता.

सगळी सभा सव्वादोन मिनिटं. स्क्रीनवर कोपऱ्यात वेळ दिसते, म्हणून सांगते.

आज मेल आला. प्रकरण मिटलं. लेखिकेची संमती नोव्हेंबरपासूनच नोंदीत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मी तुमच्यावर रागावलेली नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. फार राग आला आहे. निम्मा तुमचा, निम्मा माझा, आणि कुठला कुठे संपतो ते कळत नाही.

राजेश्वरी


२५ मे

भाऊजी,

हे शेवटचं. पाकिटं संपली आणि मला नव्या कामातून वेळही होत नाही.

जुनं काम सोडलं. कार्डं चुलीत घातली असं लिहिलं तर छान वाटेल, पण नाही घातली, कपाटात आहेत. नाव छान छापलंय.

अकरा तारखेला संस्थेची सभा घेतली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता, सचिवांचे निवेदन. देवळासमोरच्या पारावर सत्तर-ऐंशी माणसं होती, शेपटाकडची जास्त. मी उभी राहिले आणि सांगितलं. नोव्हेंबरमध्ये सही केली, वाचून केली, नोकरीसाठी केली. मी टाईप केलेलं सगळं त्यामुळे कंपनीच्या हातात गेलं, रतनबाईचा भागही गेला.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. श्रीमंत म्हणाला, "म्हंजे बाई, तुमी बी?" तुमचे भाऊ मागे उभे होते. ते गोठ्यात गेले नाहीत. जायला तिथे गोठा नव्हता, म्हणूनही असेल. घरी आल्यावर चार दिवस बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी विचारलं, जुनं जे होतं ते तर अजून सगळ्यांचं आहे ना?

आहे. वर्षापूर्वीपर्यंतचं जे खुलं दिलं ते कुणाला परत घेता येत नाही, तुमच्या वकीलबाईंनाही नाही. फक्त नाव आपलं नाही, नंबर आपला नाही आणि माणसं तिकडे आहेत. मी ते जुनं उतरवून घेतलं, रतनबाईच्या नियमासकट, आणि माझ्याच मोबाईलवरून चालवते आहे. अद्याप नाव ठेवलेलं नाही. पाथर्डीचे मास्तर परत आले. एकशे चौदा संस्थांपैकी अकरा आल्या. बाकीच्यांना यंत्र आवडतं, आणि वरच्या अंगाला असणाऱ्यांना दारापासूनचं घड्याळ का आवडणार नाही? मी त्यांना दोष देत नाही. अकरा म्हणजे अकरा.

वीस तारखेला दुसऱ्या आवर्तनात श्रीमंतनं यंत्राकडे पाठ केली, रतनबाईच्या बांधावर जाऊन उभा राहिला आणि पाणी लागल्यावर मला फोन केला. अडीच तास पुरते मिळाले. घास निम्मा गेलाच होता, उरलेला वाचेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

सभा संपल्यावर माणसं पांगली. रतनबाई थांबली. मला वाटलं आता ती बोलेल, सहीबद्दल. ती बोलली, पण तेवढंच म्हणाली, "चुकलीस. आता नीट कर." मग पारावर माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "पर मला येक कळंना. रामहरीनं तर बाईला समदं सांगितलं. म्या म्हनलं तसं. त्यो हितं जेवत हुता म्हनून बी सांगितलं. मंग त्यांनी ऐकलं कसं न्हाई?"

तिला इंग्रजी येत नाही, भाऊजी. तुमचे ओठ हलले, तेव्हा तिला वाटलं तुम्ही तिचंच बोलताय.

मी त्याच सभेत तासभर फक्त खरं बोलले होते. माझं सगळं सांगितलं, तुमचं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "हो, सांगितलं. त्यांनी नाही ऐकलं."

"पोरगं बोललं ना, बास," ती म्हणाली. "नोकरी त्यांची आन् बोललं आमच्या बाजूनं. सोपं हाय का?"

तेव्हापासून ती ते सगळीकडे सांगते आहे. चारीवर, दळणाला, बाजारात. रामहरी कंपनीत बसून कंपनीच्या बाईला तोंडावर म्हणाला, हे रतनबाईचं आहे. श्रीमंत आता तुमचं नाव काढताना रामहरीभाऊ म्हणतो. अकरापैकी निदान चार संस्था आल्या त्या तुम्ही आपल्या बाजूला आहात असं ऐकून. काल तुमच्या भावानं मला विचारलं, खरंच बोलला का तो? त्यांना मी उत्तर दिलं नाही. ते त्यांनी हो असं धरलं आणि तुमची खोली झाडून घ्यायला सांगितली.

हे खोटं मी तुम्हाला वाचवायला बोलले नाही. ती पारावर बसली होती आणि तिच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पण आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही. वकीलबाईंना दोन वाक्यं लिहिलीत तर ते खरं होईल. त्यानं कागदावर काही बदलेल की नाही, मला माहीत नाही. तुमच्या नोकरीचं काय होईल तेही मला माहीत नाही. लिहा असं मी म्हणत नाही. मला म्हणायचा अधिकार नाही, हे मी ऐंशी माणसांसमोर मान्य केलं आहे.

रतनबाईनं निरोप दिलाय की आखाडाच्या आधी येऊन जा, तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय बाईला काय काय सांगितलं ते. येणार असाल तर कळवा. ती ओट्यावर समोर बसेल आणि मराठीत विचारेल. मधे दुभाषा कुणी नसेल.

राजेश्वरी